घरगुती कॉम्प्युटर गेमला पार्श्वसंगीत : धून कोणाची, इजाजत कोणाची?

कोटाचे अस्तर गिऱ्हाईक कधी मागून घेत नाही. ते वरचे कापड पाहते, रंग पाहते, भाव करते. पण अस्तर आखूड पडले किंवा धुण्यात आटले, की तोच कोट अंगात बसत नाही आणि बोल दुकानदाराला लागतो. कॉम्प्युटरवरच्या खेळातील पार्श्वसंगीताचे असेच आहे. खेळणाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे नसते. पण ते चुकले की तो कंटाळून उठतो. आणि ते दुसऱ्याचे उचललेले असेल, तर खेळच बंद पडतो. हा दुसरा प्रकार आमच्या नात्यात घडला, म्हणून व्यापाराच्या पानावर हा विषय घेत आहे.

माझा भाचा धुळ्याला राहतो. डिप्लोमाचे शिक्षण घेता घेता त्याने घरच्या कॉम्प्युटरवर दीड वर्ष खपून एक खेळ तयार केला. केळीने भरलेला ट्रक जळगावहून निघतो. एरंडोल, पारोळा करत तो धुळ्याला पोहोचवायचा. वाटेत खड्डे, म्हशी, बैलगाड्या. उशीर झाला की केळी काळी पडतात आणि भाव उतरतो. खेळ साधा, पण आपल्या मातीतला. त्याखाली त्याने एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचे गाणे लावले आणि मोबाईलच्या ऑनलाइन दुकानात खेळ विक्रीला ठेवला. दोन आठवड्यांच्या आत गाण्याच्या मालकाकडून तक्रार आली, खेळ काढून टाकला गेला आणि खात्यावर ताकीद लागली. मुलाच्या वडिलांनी सांगितले, "पुरे झाले हे, आता दुकानावर बैस."

मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "मामू, गाणं तर सगळीकडे फुकट ऐकायला मिळतं. माझ्या खेळात वाजलं तर कोणाचं काय गेलं?"

मी त्याला माझाच एक जुना हिशेब सांगितला. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी पदरचे पैसे देऊन साडीच्या काठाचे एक डिझाइन काढून घेतले होते. एका हंगामात तेच डिझाइन दुसऱ्या व्यापाऱ्याने हलक्या कापडावर छापून निम्म्या भावात बाजारात आणले. तोही म्हणाला होता, "काठ तर रस्त्यावर सगळ्यांना दिसतो, तुमचे काय गेले?" भाचा गप्प झाला. मग आम्ही दोघांनी मिळून कायदा वाचला, जाणकारांना विचारले आणि कामाची रीत समजून घेतली. त्याचे सार पुढे देत आहे. आपल्या समाजातील कितीतरी मुले आज घरी बसून खेळ, ॲप, छोटे व्हिडिओ बनवतात. त्यांच्या उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

एका गाण्यात तीन हक्क

कापडात उभा धागा असतो, आडवा धागा असतो आणि वर छपाई असते. रेकॉर्ड झालेल्या गाण्यातही असेच तीन वेगळे हक्क असतात. पहिला शब्दांचा, म्हणजे गीतकाराचा. दुसरा चालीचा, म्हणजे संगीतकाराचा. तिसरा ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे ज्याने पैसा लावून रेकॉर्ड केले त्या निर्मात्याचा किंवा कंपनीचा. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचे कलाकार म्हणून हक्क असतात ते वेगळेच. चित्रपटगीतांचे हे हक्क बहुधा करारांनी संगीत कंपनीकडे गेलेले असतात.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, मोठी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. त्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालेले वर्ष संपल्यापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डचा तिसरा हक्क २०२४ अखेर संपला. पण त्याच गाण्याचा संगीतकार १९९० साली वारला असेल, तर चालीचा हक्क २०५० अखेरपर्यंत जिवंत आहे. जुने गाणे म्हणजे मोकळे गाणे, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

दुसरा समज असा, की दहा सेकंद किंवा तीस सेकंद घेतले तर चालते. असा सेकंदांचा कोणताही नियम कायद्यात नाही. स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी, टीका-परीक्षणासाठी काही मोकळीक आहे. म्हणजे घरी बसून शिकताना गाणे लावून पाहिले तर हरकत नाही. खेळ बाजारात आणताना ते चालणार नाही.

तिसरा समज जुन्या कॅसेटच्या दिवसांतला आहे. त्या काळी दुसऱ्या गायकाकडून तेच गाणे गाऊन घेऊन 'व्हर्शन' कॅसेट निघत, तेव्हा आम्हीही गाऊन घेऊ, असे मुले म्हणतात. आज त्यासाठी कायद्यात कलम ३१-क आहे. मूळ रेकॉर्डनंतर पाच वर्षे जावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. तरीही ही सवलत फक्त ध्वनिमुद्रण काढण्यासाठी आहे, ते खेळाला जोडण्यासाठी नाही.

धंद्याच्या फायद्यासाठी जाणूनबुजून हक्क मोडल्यास कलम ६३ नुसार सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. एका पोरखेळासाठी एवढी जोखीम घेण्यात शहाणपण नाही.

मालेगावचे दिवस आणि आजचे दिवस

धुळ्याहून मुंबईच्या रस्त्याला लागले की तासाभरात मालेगाव येते. यंत्रमागाच्या या गावात नासिर शेख या हौशी माणसाने २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' हा घरगुती सिनेमा काढला. भांडवल नाही, स्टुडिओ नाही, गावातलेच कामगार नट. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' निघाला, त्यावर फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' देशभर लागला आणि ही हकीकत सगळ्यांना कळली.

हिंमत कशी असावी, हे मालेगावकडून शिकावे. पण एक फरक लक्षात घ्यावा. त्या वेळी गावातला सिनेमा गावातल्या पडद्यावर चाले आणि पंचक्रोशीत संपे. आज धुळ्यातल्या मुलाचा खेळ त्याच रात्री दुबईत आणि टोरांटोत उघडतो. मोठ्या ऑनलाइन मंचांवर गाणी ओळखणारी यंत्रे बसवलेली आहेत. खेळ कोणी खेळताना व्हिडिओ काढला आणि त्यात गाणे वाजले, तर तो व्हिडिओसुद्धा अडकतो. बाजार मोठा झाला, तशी पावती दाखवण्याची जबाबदारीही मोठी झाली.

मोकळा माल कोठे मिळतो?

आता चांगली बाजू पाहू. सर्वांना मोकळे असलेले धनही पुष्कळ आहे, आणि त्यात खान्देश गरीब नाही.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये ज्यांचे नाव दिले, त्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव यांनी ती जपली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क प्रसिद्धीचे वर्ष संपल्यापासून ६० वर्षे टिकतो. म्हणून त्या पुस्तकातील शब्द २०१२ संपल्यावर मोकळे झाले. धुळ्याचा मुलगा त्या शब्दांना स्वतःची नवी चाल लावू शकतो, कोणाला एक रुपयाही देणे नाही. मात्र १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांची गाणी आली, पुढेही अनेकांनी चाली लावल्या. त्या चाली आणि त्या रेकॉर्डी यांचा हिशेब वेगळा आहे. शब्द मोकळे, चाल बांधलेली, असे एकाच गाण्यात असू शकते.

लोकगीतांचेही तसेच. कानबाईच्या उत्सवातली, लग्नातली, जात्यावरची अहिराणी गाणी कोणा एकाची नाहीत. पण यूट्यूबवर ऐकू येणारे अहिराणी गाणे बहुधा कोणा कष्टाळू माणसाने नव्याने लिहून, पैसे घालून रेकॉर्ड केलेले असते. ते त्याचे आहे. आपल्याच भागातील माणसाचे आहे म्हणून उचलले तर दोष कमी होत नाही, उलट वाढतो.

जगात याचा उत्तम नमुना 'टेट्रिस' खेळाचा आहे. मॉस्कोत १९८४ साली तयार झालेला हा खेळ १९८९ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने हातातल्या यंत्रावर आणला. त्याला धून लावली ती रशियातील एकोणिसाव्या शतकातील एका लोकगीताची. फेरीवाल्यांचे गाणे! मूळ चाल सर्वांची; पण कंपनीने तिची मांडणी नव्याने केली, आणि आज जगात अनेकांना ते गाणे म्हणजे टेट्रिस असेच वाटते. जुने सूत, नवे विणकाम.

तिसरा मार्ग 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याचा. २००२ पासून हे परवाने चालू आहेत. संगीतकार स्वतःच अटी लिहून धून मोकळी करतो. अटी नीट वाचाव्यात. 'सीसी झिरो' लिहिले असेल तर पूर्ण मोकळीक. 'बाय' असेल तर कर्त्याचे नाव दाखवावेच लागते. 'एनसी' असेल तर कमाईसाठी वापरता येत नाही. खेळ फुकट देऊन मध्ये जाहिराती दाखवल्या, तरी ती कमाईच धरावी. 'एनडी' असेल तर धून कापता-बदलता येत नाही. 'रॉयल्टी फ्री' या शब्दानेही फसू नये. त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा किंमत दिली की दर प्रतीमागे पुन्हा द्यायची नाही, एवढाच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने धून बनवून देणाऱ्या सेवा आता निघाल्या आहेत. त्यांपैकी अनेकांच्या फुकट योजनेत विक्रीचा हक्क मिळत नाही, तेव्हा तेथेही अटी आधी वाचाव्यात. जी धून घ्याल तिचे नाव, कर्ता, परवाना आणि उतरवून घेतल्याची तारीख वहीत नोंदवा. हीच तुमची पावती.

शब्द काय आहेत ते तपासा

परवाना असला म्हणजे सगळे झाले असे नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये सोनी कंपनीचा 'लिटल बिग प्लॅनेट' हा मोठा खेळ जगभर विक्रीस निघणार होता. डिस्क दुकानांत पोहोचल्या होत्या. तेवढ्यात एका खेळाडूच्या ध्यानात आले, की पार्श्वसंगीतातील एका गाण्यात कुरआनमधील दोन वचने आहेत. वाद्यांच्या साथीने ती खेळाखाली वाजणे अनेकांना दुखावेल, असे त्याने कंपनीला कळवले. कंपनीने माफी मागितली, डिस्क परत मागवल्या, प्रकाशन लांबवले आणि ते गाणे शब्दांविना करून घेतले. गाणे रीतसर परवाना घेऊन लावले होते. गाण्याचे कलाकार माली देशातील तुमानी दियाबाते हे स्वतः मुसलमान होते आणि त्यांच्या देशात असे गाणे हा भक्तीचाच प्रकार समजला जातो. खोड काढण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. शब्द कोणी तपासले नव्हते, एवढेच.

त्याआधी १९९८ मध्ये निन्टेंडोच्या 'झेल्डा' मालिकेतील एका खेळातही असेच झाले. तयार आवाजांच्या संग्रहातून घेतलेले इस्लामी प्रार्थनेचे सूर एका मंदिराच्या देखाव्यात वाजत होते. पुढच्या प्रतींत ते बदलले गेले.

आपल्या मुलांनी यातून दुहेरी धडा घ्यावा. ज्या भाषेचा अर्थ कळत नाही त्या भाषेचे गाणे लावू नये. आणि आपल्या श्रद्धेबाबत जी अदब आपण दुसऱ्याकडून अपेक्षितो, तीच दुसऱ्याच्या आरतीची, भजनाची, अभंगाची ठेवावी. शक्यतो पार्श्वसंगीत बिनशब्दांचेच बरे.

संगीताविषयी घराघरांत वेगवेगळी मते आहेत, हेही मी जाणतो. ज्यांना वाद्ये नको असतील त्यांनी खेळ मुका ठेवण्याचे कारण नाही. पावसाची रिपरिप, इंजिनाची घरघर, बाजारातला गलका, रातकिड्यांची किरकिर यांनीही खेळ भरतो. आणि हे आवाज स्वतः टिपले तर त्यांचा मालक दुसरा कोणी नसतो.

सिनेमाचे संगीत आणि खेळाचे संगीत

आता कामाच्या रीतीकडे वळू. दादासाहेब फाळक्यांच्या काळात चित्रपट मुके होते. पडद्याजवळ पेटीवाला आणि तबलजी बसत आणि देखावा पाहून वाजवत. पुढे बोलपट आला आणि संगीत फिल्मवरच पक्के झाले. सिनेमात कोणत्या मिनिटाला काय घडणार ते ठरलेले असते. खेळात तसे नाही. एक मुलगा दोन मिनिटांत धुळ्याला पोहोचेल, दुसरा पारोळ्याच्या खड्ड्यातच पंधरा मिनिटे काढील. म्हणून खेळाचे संगीत हे त्या जुन्या पेटीवाल्यासारखे हवे: न थांबता वाजणारे आणि प्रसंग पाहून बदलणारे.

न थांबण्याची युक्ती म्हणजे धून गोल करणे, म्हणजे शेवट जेथे संपतो तेथून सुरुवात पुन्हा बेमालूम जुळली पाहिजे. येथे तालाचा हिशेब उपयोगी पडतो. केरवा आठ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि एक आवर्तन चार सेकंदांचे. आठ आवर्तनांची धून ३२ सेकंदांची होते; ती दहा मिनिटांत जवळजवळ १९ वेळा वाजेल आणि ऐकणारा वैतागेल. २४ आवर्तने केली तर १ मिनिट ३६ सेकंद होतात, आणि कान एवढ्यात विटत नाही. मात्र तुकडा बरोबर समेवर कापला पाहिजे. थोडा इकडेतिकडे कापला तर दर फेरीला 'टक' असा आवाज येतो किंवा ताल अडखळतो.

प्रसंग पाहून बदलण्याचा जुना आणि सोपा दाखला १९७८ च्या जपानी 'स्पेस इन्व्हेडर्स' खेळाचा आहे. त्यात सारे संगीत फक्त चार जाड सुरांचे. पण शत्रू जसजसा जवळ येई तसतसे ते सूर भराभर वाजू लागत आणि खेळणाऱ्याची छाती धडधडे. भाच्याने हेच थरांनी केले. खाली बासरीसारखी एक साधी धून आणि त्याच लांबीचा ढोलकीचा वेगळा थर. दोन्ही एकदमच सुरू होतात, पण ढोलकीचा आवाज शून्यावर असतो. केळी काळी पडायला लागली की ढोलकी हळूहळू वर येते. एका धुनीत दोन धुनींचे काम झाले.

साधने आणि काही बारकावे

धून बांधायला 'एलएमएमएस' आणि कापायला-जोडायला 'ऑडॅसिटी', ही दोन्ही सॉफ्टवेअरे मोफत आहेत आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतात. खेळ बांधण्यासाठी 'गोडो' हे मोफत साधन पुष्कळ मुले वापरतात. त्यात धून आत घेतानाच फेरी चालू ठेवण्याची खूण करता येते.

फाइल कोणती ठेवावी, हा प्रश्न नेहमी येतो. पूर्ण दर्जाची 'वेव्ह' फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा खाते. तीच दाबून 'ओजीजी' केली तर साधारण १ एमबीत मावते. ज्यांच्या मोबाईलमध्ये जागा कमी, असे गिऱ्हाईक जड खेळ उतरवतच नाही. 'एमपी-३' फाइलही लहान असते, पण तिच्या सुरुवातीला व शेवटी बारीकशी शांतता चिकटते आणि फेरीत खाच पडते. म्हणून गोल धुनीसाठी ओजीजी बरी. हॉर्न, ब्रेक, नाण्यांचा खणखणाट असे छोटे आवाज मात्र वेव्हमध्येच ठेवावेत, म्हणजे बोट लागताच उशीर न होता वाजतात.

संगीत आणि असे आवाज यांच्या वाटा वेगळ्या ठेवाव्यात आणि संगीत खालच्या पट्टीत असावे. ६ डेसिबल कमी केले की आवाजाची लाट निम्मी होते. भाच्याने हॉर्नपेक्षा संगीत १० डेसिबल खाली ठेवले तेव्हा कोठे हॉर्न ऐकू आला. मोठ्या स्पीकरवर घुमणारा खर्ज मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून येतच नाही, म्हणून शेवटची पारख स्वस्तातल्या मोबाईलवरच करावी. ब्राउझरमध्ये खेळ चालवायचा असेल तर पहिला स्पर्श होईपर्यंत ब्राउझर आवाज अडवून धरतो. म्हणून सुरुवातीला 'चला' असे एक बटण द्यावे. आणि संगीत बंद करण्याचे बटण पहिल्याच पानावर असावे. दवाखान्यात, बसमध्ये, अजानच्या वेळी माणसाला आवाज तत्काळ थांबवता आला पाहिजे.

स्टुडिओ नाही, अशी अडचण मुले सांगतात. आमच्या धंद्याचा येथे अचानक उपयोग झाला. कापड आवाज पिऊन टाकते. माझ्या गोदामात छतापर्यंत तागे रचलेले आहेत. मधल्या बोळात उभे राहून बोलले तर प्रतिध्वनी अजिबात येत नाही. दुकान बंद झाल्यावर, पंखा बंद करून, तेथेच मोबाईलवर ढोलकी टिपली. ज्यांच्या घरी गोदाम नाही त्यांनी चार गाद्या आणि दोन गोधड्या उभ्या कराव्यात.

वाजवणाऱ्याशी लेखी करार

धून वाजवली ती लग्नाच्या बँडमधील एका कीबोर्डवाल्याने. पावसाळ्यात लग्ने नसतात, हाताला काम नसते. तीन धुनींचे पैसे ठरले. मी कागद काढला तेव्हा तो हसला. म्हणाला, "शेठ, वीस वर्षे कॅसेटींवर, सीडींवर वाजवले. कागदावर माझे नाव कोणी लिहिले नाही."

हे ऐकून मला माझ्या साडीच्या काठाची आठवण झाली. भाच्यालाही काही वेगळे सांगावे लागले नाही.

कायदा येथे स्पष्ट आहे. हक्काची बदली लेखी आणि सही केलेली नसेल तर ती बदलीच नव्हे. कागदावर कोणती धून, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे लिहावे. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. मग खेळ परदेशी विकला की भांडण. आणि वेगळे काही ठरले नसेल तर घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो परत जातो. आम्ही पूर्ण हक्क विकत घेतला नाही. खेळात आणि त्याच्या जाहिरातीत, जगभर, दहा वर्षे वापरण्याची परवानगी घेतली. खेळाच्या शेवटी त्याचे नाव येईल, हेही लिहिले. धून त्याचीच राहिली. उद्या तो ती दुसरीकडेही वाजवू शकतो. असा व्यवहार दोघांना परवडतो. नोंदणी सक्तीची नाही, पण करायची असल्यास संगीतकृतीला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये सरकारी शुल्क आहे. मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर वकिलाची फी देऊन कागद तपासून घ्यावा.

यात रोजगाराचीही वाट आहे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स' या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला. गोष्ट प्राचीन भारताची, पण संगीत दिले ग्रीस देशातील लिनोस झेलोस यांनी. ग्रीसचा संगीतकार पुण्यासाठी काम करू शकतो, तर साक्री-नवापूर पट्ट्यातील आदिवासी बांधवांची पावरी किंवा पारोळ्याची ढोलकी परदेशी खेळासाठी का वाजू नये? गरज आहे ती स्वच्छ ध्वनिमुद्रणाची आणि स्वच्छ कागदाची.

भाच्याचा खेळ नव्या धुनीसह पुन्हा विक्रीस लागला आहे. कमाई अजून चहापाण्यापुरतीच आहे, आणि त्याच्या वडिलांचे मन पूर्ण वळलेले नाही. संध्याकाळी तो दुकानावर बसतो, रात्री कॉम्प्युटरवर. पण गेल्या महिन्यात तो कीबोर्डवाला आपल्या मुलाला घेऊन दुकानात आला. मोबाईल काढला, खेळाच्या शेवटी येणारी नावांची पाटी थांबवून मुलाला म्हणाला, "वाच." मुलाने बापाचे नाव मोठ्याने वाचले.

वडीलधाऱ्यांना विनंती एवढीच, की मुलगा कॉम्प्युटरवर खेळ बनवतो म्हटल्यावर त्याला रिकामटेकडा समजू नका. त्याच्याजवळ बसा आणि दुकानात पहिल्या दिवशी आपण जे विचारतो तेच विचारा: बेटा, माल कोणाचा आहे, आणि पावती कोठे आहे?